रांग मोडणारी खेळसाधने : प्रश्न वाचकांचे

शाळेच्या मैदानावर सगळ्या लेकरांनी मिळून खेळायची साधने कशी बनवायची, याबद्दल मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरे दिली आहेत. मापे देताना तिसरी ते पाचवीची मुले डोळ्यांसमोर ठेवली आहेत. जिथे वेगळे आहे, तिथे तसे लिहिले आहे.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत २८ लेकरं आहेत. माजी विद्यार्थ्यांनी लोखंडी घसरगुंडी आणि दोन झोके दिले. खेळाच्या तासाला त्यापुढं रांग लागते, भांडणं होतात, मोठी पोरं पुढं घुसतात. आणखी काय घ्यावं?
(शिक्षिका, ता. औसा, जि. लातूर)

उत्तर : आणखी घसरगुंडी घेऊ नका. चढून, बसून, घसरून बाजूला व्हायला एका लेकराला साधारण १५ सेकंद लागतात. २८ जणांची रांग म्हणजे प्रत्येकाची पाळी सात मिनिटांनी येते. चाळीस मिनिटांच्या तासात एकेकाच्या वाट्याला पाच-सहा घसरण्या, आणि उरलेला सगळा वेळ उभे राहणे. भांडणांचे मूळ लेकरांच्या स्वभावात नाही, या हिशेबात आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल सांगितली आहे. मध्यम म्हणजे बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका दम लागणे. नाडी मोजायची असेल तर खेळ थांबल्याबरोबर १५ सेकंदांत ३५ ठोके भरले पाहिजेत. खेळाच्या तासाचा निदान निम्मा वेळ प्रत्येक लेकरू या पातळीवर असावे, ही अपेक्षा जगभर धरली जाते.

नवीन साधन घेण्याआधी एक मोजणी करा. तास चालू असताना दर ३० सेकंदांनी मैदानावर नजर फिरवा आणि किती जण नुसते उभे किंवा बसलेले आहेत तेवढाच आकडा लिहा. वीस नोंदी पुरेत. सरासरी पटाच्या निम्म्याहून जास्त निघाली, तर अडचण साधनांच्या संख्येची नसून त्यांच्या जातीची आहे.

साधनाला तीन प्रश्न विचारावेत. एका वेळी किती हात कामाला लागतात? एकाने हात सोडला तर बाकीच्यांना ते जाणवते का? आणि दम लागतो का? सहकारी खेळणी म्हणून विकली जाणारी बरीच साधने पहिल्या दोन प्रश्नांत उत्तीर्ण होतात आणि तिसऱ्यात नापास. दोऱ्या धरून, त्यांना टांगलेल्या आकड्याने (हुकाने) लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायचे खेळणे बघा. मन एकाग्र होते, पण पाय जागच्या जागी. ते घेतलेच असेल तर ठोकळे १५ मीटर लांब ठेवा आणि प्रत्येक ठोकळा दोघांनी पळत जाऊन आणायचा असा नियम करा.

खो-खोचे काय, असे कोणी विचारेल. पाठलाग करणाऱ्या नऊपैकी एक धावतो, आठ बसलेले असतात. समोरच्या नऊपैकी तिघे मैदानात, सहा बाहेर. म्हणजे अठरांपैकी एका क्षणी चौघे पळतात. बसलेला दर खोला उठतो, त्यामुळे चपळ मुलांना भरपूर व्यायाम होतो. पण ज्याला कोणी खो देत नाही ते लेकरू पूर्ण डाव बसून राहते, आणि नेमकी त्यालाच हालचालीची गरज जास्त असते. खो-खो बंद करू नका, त्याच्या जोडीला दुसरे काही ठेवा.

२८ जणांसाठी आमची मांडणी अशी : एक हवाई छत्री (सगळ्यांनी कड धरून हलवायचे मोठे कापड, १६ जण), जोडफळ्यांचे दोन संच (चौघांनी एकदम चालायच्या लाकडी फळ्या, ८ जण), एक चेंडू-कडी (दोऱ्या ताणून चेंडू पेलायची कडी, ४ जण). दर आठ मिनिटांनी गट बदला. तिन्ही वस्तू गावात बनतात. कृती पुढच्या उत्तरांत आहे.

प्रश्न : आमच्या बचत गटात शिलाई मशीन आहेत. शाळेसाठी पॅराशूटसारखं मोठं गोल कापड जुन्या साड्यांपासून शिवता येईल का? किती साड्या लागतील?
(बचत गट सदस्य, ता. सेलू, जि. परभणी)

उत्तर : ताई, चार साड्यांत चांगली हवाई छत्री होते. साडी निवडतानाच निम्मे काम होते किंवा बिघडते. कापड तोंडाला घट्ट लावून फुंकर मारा. हवा सहज आरपार गेली तर ती साडी बाजूला ठेवा, कारण छत्री फुगणारच नाही. जुने सुती पातळ त्यामुळेच चालत नाही, शिवाय ते घडीवर फाटते. दाट विणीचे पॉलिएस्टर, क्रेप किंवा सॅटिनसारखे कापड उत्तम. जरीचा काठ असेल तर तो कापून टाका, हाताला ओरखडे येतात. काठ कापल्यावर पट्टा एक मीटरहून अरुंद होत असेल तर पाचवी साडी धरा.

चारही साड्यांचे ४.४ मीटर लांबीचे तुकडे कापा. प्रत्येकीतून उरणारा मीटरभर तुकडा जपून ठेवा, ठिगळांना आणि नेफ्याला तोच लागतो. साधारण १.१२ मीटर रुंदीचे चार पट्टे शेजारी शेजारी जोडले की शिलाईत जाणारे वजा करून ४.४ मीटरचा चौकोन होतो. जोडताना एकेरी शिलाई नको. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून त्यावर दोन समांतर शिलाया घाला, दोरा पॉलिएस्टरचा घ्या. एकेरी शिलाई पहिल्या जोरकस लाटेतच उसवते.

आता चौकोनाचा अष्टकोन करायचा. प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना १.२९ मीटरवर खुणा करा आणि त्या जोडून कोपरा कापा. आठही बाजू साधारण १.८२ मीटरच्या भरतात आणि एकूण कड साडेचौदा मीटर होते. प्रत्येकाला ६० सेंमी जागा धरली तर २४ लेकरं, ऐसपैस उभी केली तर २० लेकरं मावतात. खराखुरा गोल कापण्याच्या नादी लागू नका. गोल कडेला नेफा घालताना चुण्या पडतात आणि खेळात काही फरक पडत नाही.

कडेला ५ सेंमीचा नेफा घाला आणि त्यातून ८ मिमीचा नायलॉनचा दोर ओवा. दोराची टोके गाठ मारून न सोडता एकमेकांवर १५ सेंमी ठेवून घट्ट शिवून टाका. गाठीचा गोळा नेमका कोणाच्या तरी हाताखाली येतो. दोर कापडात गुंडाळला गेला की लहान मुठीत नीट बसेल इतका जाड होतो. मनगटात अडकवायच्या फासासारख्या मुठी मात्र लावू नका. वारा भरला किंवा बाकीचे पळाले तर हात सोडता आला पाहिजे.

मध्यभागी २५ सेंमी व्यासाचे भोक हवेच. ते नसेल तर फुगलेली हवा एका बाजूने निसटते, छत्री तिकडे कलते आणि त्या बाजूची पोरे ओढली जातात. भोकाभोवती उरलेल्या कापडाची ८ सेंमी रुंद दुहेरी पट्टी शिवा. फाटायला सुरुवात होते ती दोन ठिकाणी : अष्टकोनाच्या कोपऱ्यांवर, आणि साड्यांचे जोड जिथे कडेला मिळतात तिथे. या सगळ्या जागी आधीच १५ सेंमीची त्रिकोणी ठिगळे आतून लावून ठेवा.

नुसती वरखाली हलवून छत्रीने दम लागत नाही. म्हणून खेळ असा बसवा. ३० सेकंद जोरात लाटा, त्यावर तीन हलके चेंडू, एकही खाली पडू द्यायचा नाही. मग सगळ्यांनी एका हाताने कड धरून गोल पळायचे, शिट्टी झाली की हात आणि दिशा बदलायची. मग एक ते चार आकडे वाटून द्यायचे. ‘तीन’ म्हटले की सगळ्यांनी छत्री डोक्यावर उचलायची आणि तीन आकड्याच्या लेकरांनी खालून पळत समोरच्या रिकाम्या जागी पोचायचे. छत्री खाली येण्याआधी पोचायचे तर बाकीच्यांनी ती पुरेशी उंच उचललीच पाहिजे. उचलणारे ढिले पडले की पळणारे कापडाखाली सापडतात, आणि ते सगळ्यांना लगेच कळते. खरे सहकार्य इथे शिकवावे लागत नाही.

दोन बंधने कडक पाळा. छत्रीत कोणालाही झेलायचे नाही, अगदी पहिलीच्या लेकरालाही नाही. दुसरे वाऱ्याचे. हे कापड १६ चौरस मीटरचे आहे. ताशी ३५ किलोमीटरचा वारा त्यात भरला तर ओढ १०० किलोच्या वर जाते. मैदानावरची धूळ आणि कागद उडायला लागले की छत्री गुंडाळा. वळवाच्या दिवसांत, म्हणजे एप्रिलअखेरपासून पहिल्या पावसापर्यंत, ती दुपारनंतर बाहेर काढूच नका. आणि छत्रीची कड खांबाला किंवा झाडाला कधीही बांधू नये.

प्रश्न : एका शाळेनं मला चार लेकरांनी एकदम चालायच्या लाकडी फळ्या करायला सांगितल्या आहेत. माप कुणाकडंच नाही. बाभळीची लाकडं माझ्याकडं आहेत, चालतील का?
(सुतार, ता. वसमत, जि. हिंगोली)

उत्तर : बाभूळ नको. २.४ मीटर लांब, १० सेंमी रुंद, ३ सेंमी जाड फळी बाभळीची केली तर पावणेसहा किलोच्या आसपास भरते. पॅकिंगच्या पाइनची तीच फळी साडेतीन-पावणेचार किलोची होते. शिवाय बाभूळ पूर्ण वाळलेली नसेल तर पहिल्याच उन्हाळ्यात पीळ खाते, आणि पिळलेली फळी पायाखाली डुलते. आंब्याचे लाकूड हलके असते, पण त्याला कीड लवकर लागते. वखारीत पाइन मिळत असेल तर तेच घ्या आणि फळीच्या मध्यावर मोठी गाठ असलेले तुकडे नाकारा.

एका संचाला दोन फळ्या लागतात. एका टोकाला पुढचे टोक म्हणून खूण करा. त्या टोकापासून ३०, ८५, १४० आणि १९५ सेंमीवर फळीच्या मधोमध १२ मिमीची भोके पाडा. भोकामागे लेकराचे पाऊल येते, म्हणून शेवटच्या भोकामागे ४५ सेंमी मोकळे ठेवले आहे. खालच्या बाजूने प्रत्येक भोकाशी ३० मिमी व्यासाची आणि १२ मिमी खोल खोबण काढा. दोराची गाठ त्या खोबणीत पूर्ण बसली पाहिजे. गाठ बाहेर राहिली तर जमिनीवर घासून थोड्या दिवसांत झिजते आणि दोर चालता चालता सुटतो. अशा फळ्यांवर लेकरं पडतात त्याचे हे पहिले कारण.

दोर ८ मिमीचा. वरच्या टोकाला २० मिमीच्या पीव्हीसी पाइपचा १२ सेंमी तुकडा मूठ म्हणून ओवा. फळीपासून मुठीपर्यंत ६५ सेंमी अंतर तिसरी ते पाचवीला बसते. दुसरीला ५५ लागते आणि सातवीला ७५, म्हणून दोर लांब ठेवून तिन्ही ठिकाणी गाठींची सोय करा. दोर आखूड पडला तर लेकरू वाकून चालते आणि तोल पुढे जातो. लांब झाला तर फळी उचलतच नाही, पाय नुसता वर येतो.

पुढच्या टोकाची खालची कड तिरकी रंधून घ्या, नाहीतर ती जमिनीत रुतते. सगळे कोपरे गोल करा. वरून जुनी सायकल ट्यूब उभी कापून सोल्युशनने चिकटवा, पाय घसरत नाही. खिळे अजिबात नकोत. ट्यूब निघाली की खिळ्याचे डोके पायाला लागते. पाय अडकवायचे पट्टेही कितीही मागितले तरी लावू नका. तोल गेला की चौघेही एका दिशेला पडतात. पाय पट्ट्यात अडकलेला असेल तर घोटा पिळतो, मोकळा असेल तर लेकरू फळीवरून उतरून उभे राहते.

शाळेला एक सांगून ठेवा. सर्वांत बुटके लेकरू पुढे उभे करायचे. पुढचे लेकरू पावलाची लांबी ठरवते, आणि उंच मुलगा पुढे असेल तर मागच्यांची फरफट होते. पहिल्या आठवड्यात शर्यत नको, फक्त दहा मीटर सरळ. वळण सगळ्यांत अवघड असते, ते शेवटी घ्यावे. दोन संचांची एकमेकांशी स्पर्धा लावण्यापेक्षा त्याच गटाने कालच्या वेळेशी स्पर्धा केलेली बरी. हरणारा गट नेहमी आपल्यातल्या एकाला दोष देतो, आणि तो बहुधा सर्वांत अशक्त असतो.

प्रश्न : गावात पाण्याची टंचाई आहे. लेकरांनी चक्री फिरवली की बोअरचं पाणी टाकीत चढेल असा पंप शाळेत बसवावा असा प्रस्ताव आहे. खेळही होईल आणि पाणीही.
(उपसरपंच, ता. कळंब, जि. धाराशिव)

उत्तर : प्रस्ताव चांगल्या मनाने आला आहे, तरीही तो नाकारावा असे आमचे स्पष्ट मत आहे. हिशेब करा. १,००० लिटर पाणी ६० मीटरवरून, म्हणजे सुमारे २०० फुटांवरून वर आणायला ५८८ किलोज्यूल काम लागते. एक लेकरू सलग ४० वॉटच्या आसपास जोर लावू शकते, आणि चक्री, दांडे, पंप यांत निम्मा जोर वाया जातो असे धरू. मग एका लेकराला आठ तासांहून जास्त लागतात. दहा जणांनी एकही क्षण न थांबता पन्नास मिनिटे रेटले तर एक हजार लिटर. बोअर ३०० फुटांवर असेल तर सव्वा तास. याला खेळ म्हणता येणार नाही. पाणी सर्वांत जास्त लागते त्या मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, हे आणखी वेगळेच.

‘प्लेपंप’ नावाने ही कल्पना दक्षिण आफ्रिकेत आली. २००६ मध्ये अमेरिकेत तिच्यासाठी मोठी मदत जाहीर झाली आणि २०१० पर्यंत आफ्रिकेत ४,००० पंप बसवायचे ठरले. ते साधले नाही. मुले कंटाळून निघून गेली की चक्री बायकांना फिरवावी लागे, आणि अनेक गावांना आपला जुना हातपंपच बरा वाटला.

हातपंपाची परंपरा तर आपल्या घरातली आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जालन्यात मिशनच्या कामातून ‘जालना पंप’ तयार झाला, पुढे सोलापूर पंप आला, आणि त्याच वाटेने १९७० च्या दशकात इंडिया मार्क टू घडला. तो साधारण ५० मीटरपर्यंतच्या पाण्याला चालतो. पाणी त्याहून खोल असेल तर सौर पंपाचा प्रस्ताव करा आणि खेळाचा पैसा खेळालाच ठेवा.

प्रश्न : मैदान काळ्या रानातलं आहे. चढायच्या चौकटीचे खांब दोन पावसाळ्यांत कलले, एकाचा काँक्रीटचा गोळाच वर आला. वेल्डर म्हणतो, काँक्रीट कमी पडलं.
(मुख्याध्यापक, ता. परतूर, जि. जालना)

उत्तर : सर, काँक्रीट कमी पडलेले नाही, बहुधा चुकीच्या जागी जास्त पडले आहे. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसून भेगाळते. खड्डा तोंडाशी रुंद आणि तळाशी निमुळता खणला, वर काँक्रीटची टोपी केली, की फुगणारी माती त्या टोपीला खालून उचलते. तळ रुंद आणि तोंड अरुंद असा उलटा आकार हवा होता. बाजूंनी खडबडीत न ठेवता गुळगुळीत, आणि भोवती दहा सेंमी मुरूम किंवा वाळू भरलेली.

तरीही खोल काळ्या रानात एवढ्याने भागत नाही. या मातीची ऋतूप्रमाणे होणारी हालचाल साडेतीन मीटर खोलीपर्यंत असते, आणि शाळेच्या खेळण्यासाठी तेवढा पाया कोणी घालणार नाही. त्यामुळे खांब पुरण्याचा हट्ट सोडून चौकट जमिनीवर बसवावी. चारही पाय खाली एकाच आयताकृती लोखंडी चौकटीला वेल्ड करा. मग हलले तरी सगळे एकत्र हलते, एकच खांब कलत नाही. खालची ६० सेंमी काळी माती काढून मुरूम थराथराने, पाणी मारून, धुम्मसने ठोकून भरा. मुरमाचा हा ओटा चौकटीपेक्षा चारी बाजूंनी अर्धा मीटर मोठा असावा आणि पावसाचे पाणी बाहेर वाहून जाईल असा उतार हवा. पाणी साचले तर केलेले सगळे व्यर्थ. तळाची रुंदी उंचीपेक्षा जास्त ठेवा. दीड मीटर उंचीला अडीच मीटरचा तळ बरा.

पडण्याचा प्रश्न उरतो. ठोकलेला मुरूम आणि उन्हाळ्यातली काळी माती, दोन्ही दगडासारखी. दोन मीटरपर्यंतच्या उंचीखाली निदान ३० सेंमी सैल वाळू लागते. ती ०.२ ते २ मिमी दाण्याची, धुतलेली हवी. क्रशरची बारीक भुकटी चालत नाही, ती घट्ट बसते. भोवती दीड मीटर मोकळी जागा. वाळूचा खर्च पाहता आमचा सल्ला वेगळा आहे : पाय ठेवायची जागा जमिनीपासून ६० सेंमीच्या आत ठेवा. चौकट उंच करण्याऐवजी आडवी पसरा, दहा मीटर लांब करा. चौघांनी एकमेकांचे हात धरून, जमिनीला पाय न लावता, या टोकाहून त्या टोकाला जायचे. उंचीची भीती जाते, मेहनत तीच राहते, आणि रांगही लागत नाही कारण दोन्ही टोकांनी एकदम सुरुवात करता येते.

फटींचे माप वेल्डरला लिहून द्या. नऊ ते तेवीस सेंमीमधली कोणतीही बंद फट नको. तिच्यातून धड जाते आणि डोके अडकते. आठ ते पंचवीस मिलिमीटरच्या भोकांत बोट अडकते, पाइपची उघडी तोंडे त्यासाठी बुजवा.

प्रश्न : दिवाळीनंतर ऊसतोडीला आई-वडिलांबरोबर लेकरं जातात. ४० चा पट १४ वर येतो. सामूहिक साधनं मग पडून राहतात.
(शिक्षक, ता. पाटोदा, जि. बीड)

उत्तर : ठरावीक आकड्याला बांधलेले साधन तुमच्याकडे चालणार नाही. तुमच्यासाठी चेंडू-कडी सर्वांत योग्य. ११० मिमीच्या पीव्हीसी पाइपचा ३ सेंमी रुंद तुकडा कापा, कडा पॉलिश पेपरने घासा. त्यात समान अंतरावर बारा भोके पाडा (जवळपास २.९ सेंमीवर एक) आणि प्रत्येकात २.५ मीटरची सुती दोरी बांधा. कडीवर तीन नंबरचा फुटबॉल ठेवायचा आणि सगळ्यांनी दोऱ्या ताणून तो न पाडता न्यायचा.

भोके बाराच का? बारा, सहा, चार आणि तीन, या चारही संख्यांना दोऱ्या समान अंतरावर वाटता येतात. दहा भोके केली तर दहा, पाच आणि दोनच जमतात. १४ लेकरांचे सहा, चार आणि चार असे गट करा, तीन कड्या लागतील. रिकाम्या दोऱ्या गुंडाळून कडीखाली बांधा, लोंबत राहिल्या तर पायात येतात. ११० मिमीच्या कडीवर चेंडू ३५ अंशांपर्यंत कललेला राहतो. जमायला लागले की ७५ मिमीच्या पाइपची कडी करा, तिथे २३ अंशांनाच चेंडू सुटतो.

दम लागण्यासाठी वाट अवघड करा : वीस मीटर, मध्ये गुडघ्याइतक्या उंचीची आडवी दोरी, मग सगळ्यांनी बसून उठायचे, मग व्हरांड्याची पायरी चढून परत. चेंडू पडला तर पडला तिथूनच पुढे. सुरुवातीला परत पाठवले की लहान गट हिरमुसतो.

हवाई छत्री १४ जणांना मोठी पडते. ती अर्धी दुमडून आठ-दहा जणांत लाटांचा खेळ होतो. जोडफळीला तीन लेकरं असतील तर मागचे भोक रिकामे ठेवा, मधले नाही. मार्च-एप्रिलमध्ये लेकरं परत येतात तेव्हा त्यांचा वेगळा गट करू नका. एका जुन्या गटात एकच नवे लेकरू घाला. दोऱ्या वाढवून देता येतात, म्हणून कडीत त्याला लगेच जागा होते.

प्रश्न : चौथीतल्या एका मुलीच्या पायाला कॅलिपर आहे, एक मुलगा व्हीलचेअरवर असतो. त्यांना गुण मोजायला बसवतो, ते बरोबर आहे का?
(शिक्षिका, ता. कंधार, जि. नांदेड)

उत्तर : नाही. त्यांच्याही अंगाला मेहनत हवी. छत्रीच्या लाटा बसून तितक्याच जोरात करता येतात. खुर्चीचा ब्रेक लावा, आणि दोन्ही बाजूंना उंच मुले न ठेवता त्याच उंचीवर कड धरतील अशी, गुडघ्यावर बसलेली दोघे ठेवा. गोल पळण्याच्या वेळी खुर्ची ढकलणारा जोडीदार द्या, कड मुलानेच धरायची. चेंडू-कडीत तिची दोरी अर्धा मीटर लांब करा म्हणजे वळणावर तिला आतल्या बाजूने कमी चालावे लागते. जोडफळी मात्र कॅलिपरवर देऊ नका, तोल सावरायला घोटा वाकावा लागतो.

प्रश्न : सातवी-आठवीच्या मुली खेळायलाच उतरत नाहीत.
(शिक्षिका, ता. पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आधी जागा बदलून बघा. रस्त्याकडेच्या बाजूऐवजी इमारतीमागे छत्री उघडा. ओढणी खेळाआधी काढून ठेवायची, किंवा आडवी घेऊन कमरेला गाठ आणि खांद्याला पिन. सुटी ओढणी दोर आणि चौकटीजवळ गळ्याला फास ठरू शकते, यात सवलत नाही. पहिले दोन आठवडे फक्त मुलींचा गट करा.

प्रश्न : उन्हाळ्यात खेळाचा तास बंद करावा का?
(पालक, शाळा व्यवस्थापन समिती, ता. उदगीर, जि. लातूर)

उत्तर : बंद करू नका, सकाळच्या शाळेत पहिला तास करा, परिपाठानंतर लगेच. साडेआठनंतर कडुनिंबाच्या सावलीतच. खेळण्याआधी पाणी, मध्ये दर दहा मिनिटांनी दोन घोट. लोखंडी साधनावर हाताची मागची बाजू पाच सेकंद ठेवा. ठेववली नाही तर ते साधन त्या दिवशी बंद. पाइपला पांढरा किंवा फिका पिवळा रंग द्या. कोणाला डोके दुखू लागले, मळमळले तर सावलीत झोपवून कपडे सैल करा आणि ओल्या फडक्याने अंग पुसा. बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपू लागली तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

प्रश्न : या सगळ्याला पैसे कुठून आणायचे? आणि ठेवायचं कुठं? दोर उंदीर कुरतडतात.
(शिक्षक, ता. सेनगाव, जि. हिंगोली)

उत्तर : समग्र शिक्षा योजनेत क्रीडा साहित्यासाठी वर्षाला प्राथमिक शाळेला ५,००० रुपयांपर्यंत, उच्च प्राथमिकला १०,००० पर्यंत आणि माध्यमिकला २५,००० पर्यंत तरतूद आहे. खर्चाचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीत घ्या आणि ठरावात साधनाचे नाव न लिहिता साहित्य लिहा : दोर किती मीटर, फळ्या किती, पाइप किती. साड्या गावातून मिळतातच.

ठेवायला झाकणाचा पत्र्याचा पिंप घ्या. दोर पोषण आहाराच्या धान्याजवळ ठेवू नका, उंदीर तिथूनच येतात. छत्री ओली असताना गुंडाळू नये, बुरशीने शिलाई कुजते. फळ्या उभ्या न टेकवता आडव्या, तीन ठिकाणी आधार देऊन ठेवा, नाहीतर बाक येतो.

दर सोमवारी पाच मिनिटे तपासणीला द्या आणि ती पाचवीच्या दोन लेकरांना करू द्या. बोटांनी दोर पूर्ण लांबी चाचपायचा. प्लास्टिकच्या निळ्या दोराची उन्हाने पूड होऊन हाताला लागली, किंवा पिळातली एक लड तुटलेली दिसली, की तो दोर त्याच दिवशी काढायचा. गाठ मारून पुन्हा वापरायचा नाही. काढलेला दोर कापून तुकडे करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याचाच झोका बांधते.